उरलेला बोल्ट कुठला?

क्लच बदलून गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, नांदे गावातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी बॉनेट उघडलं. कूलंटची पातळी बघावी, एवढाच विचार होता. डाव्या हेडलाइटमागच्या पत्र्याला एक खोलगट खाच आहे. त्या खाचेत एक बोल्ट पडला होता. अंगावर वायसर, थोडं ग्रीस, आणि चेहऱ्यावर काही घडलंच नाही असा भाव.

अशा वेळी माणसं दोनपैकी एक करतात. काही जण तो खिशात टाकून विसरतात, कारण गाडी तर चालतेय. बाकीचे घाबरून इंजिन आता खाली पडणार असं समजतात. दोन्ही टाळता येतं, कारण बोल्ट बराच बोलका असतो. फक्त त्याला विचारायचे प्रश्न क्रमाने विचारावे लागतात, आणि पहिला प्रश्न त्याला हात लावण्याआधीचा आहे.

तो नेमका कुठे होता? जागेचा आधी मोबाइलवर फोटो काढावा. सैल होऊन गळलेला बोल्ट खाली जातो: इंजिनखालच्या चेंबर गार्डमध्ये, रस्त्यावर, नाहीतर पार्किंगच्या फरशीवर. त्याचा सुटा वायसर बहुधा वाटेत वेगळा होतो. माझा बोल्ट मात्र कंबरेच्या उंचीवर, वायसर घालून, हाताला सहज येईल अशा खाचेत होता. म्हणजे तो पडलेला नव्हता, ठेवलेला होता. कुणीतरी काढला, ‘शेवटी लावू’ म्हणून बाजूला ठेवला आणि शेवट त्याच्याशिवायच झाला. पाषाणच्या गॅरेजपासून सूस खिंड ओलांडून नांद्यापर्यंत सगळे गतिरोधक त्याने त्या खाचेत बसून पार केले, त्याचं श्रेय ग्रीसला.

दुसरा प्रश्न मळाचा. बोल्ट पुसायची घाई करू नये. अंगभर वाळलेली माती आणि गंज असेल तर तो मागच्या एखाद्या दुरुस्तीतला, कित्येक महिने तिथेच पडून असलेला असू शकतो. काही वेळा दुरुस्तीत नवा बोल्ट घालतात आणि जुना तिथेच राहतो. मग रिकामं भोक शोधून हाती काहीच लागत नाही. डोक्याखालची बाजू बघावी. घट्ट बसलेल्या बोल्टच्या वायसरवर एक चकचकीत कडं उमटतं आणि त्याच्या बाहेर धूळ असते. हे कडं ताजं दिसलं तर तो नुकताच उघडलाय. आट्यांवर निळा किंवा लाल कडक थर दिसला तर तो आटे सैल होऊ नयेत म्हणून लावलेला चिकट पदार्थ आहे. असा बोल्ट सापडला तर मात्र थट्टा बंद, कारण तो थर बिनमहत्त्वाच्या जागी सहसा कुणी लावत नाही. माझ्या बोल्टवर थर नव्हता, कडं ताजं होतं.

आता माप. इथे आपल्याकडे भाषेचाच एक घोळ आहे. मेस्त्री ‘बारा नंबरचा बोल्ट’ म्हणतो तेव्हा तो पान्याचा नंबर सांगत असतो, म्हणजे डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर. बोहरी आळीतल्या हार्डवेअरवाल्याकडे जाऊन बारा नंबरचा बोल्ट मागितला तर तो दांड्याचा व्यास बारा मिलिमीटर समजून अंगठ्याएवढा बोल्ट पुढ्यात ठेवेल. जुन्या माणसांचं तिसरंच माप. त्यांच्याकडे सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती म्हटलं की तीन अष्टमांश इंच. देशात मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, पण लोखंडाच्या दुकानात सूत अजून निवृत्त झालेलं नाही. म्हणून दुकानात तोंडी नंबर सांगण्यापेक्षा बोल्टच घेऊन जावा.

मोजायच्या गोष्टी चार. डोक्याला कोणता पाना नेमका बसतो, दांड्याचा बाहेरचा व्यास, आट्यांमधलं अंतर आणि डोक्याच्या खालपासून टोकापर्यंतची लांबी. व्यासाला व्हर्नियर उत्तम. आठ मिलिमीटरचा बोल्ट त्यात ७.८ किंवा ७.९ दाखवतो, म्हणून गोंधळून जाऊ नये. आट्यांची टोकं किंचित कापलेलीच असतात. आट्यांचं अंतर मोजायला शाळेतली पट्टी पुरते. एका आट्याच्या टोकावर शून्य ठेवायचं आणि तिथून दहा आटे पुढे जायचं. दहा मिलिमीटर आले तर अंतर १, साडेबारा आले तर १.२५, पंधरा आले तर १.५.

पान्याच्या नंबरावरून गाडीचं घराणंही कळतं. सहा मिलिमीटरच्या बोल्टला जवळपास सगळीकडे दहाचा पाना लागतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टला जपानी वळणाच्या गाड्यांत बहुधा बाराचा, युरोपीय वळणाच्या गाड्यांत तेराचा. दहा मिलिमीटरला जपान्यांचा चौदा, युरोपीयांचा सोळा किंवा जुना सतरा. गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला बारा-तेराचा जोडपाना म्हणूनच दोन्ही घराण्यांना चालतो. (दहाची गोटी, म्हणजे सॉकेट, भिंतीवर कधीच नसते. ती नेहमी कुणीतरी नेलेली असते.)

माझं मोजमाप असं निघालं: पाना बारा, व्यास आठ, अंतर १.२५, लांबी वीस. गाडी मारुतीची, म्हणजे बारा-आठची जोडी अपेक्षेप्रमाणेच.

मग डोक्यावरचा आकडा. ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असेल तर पहिल्या आकड्याला शंभराने गुणायचं. ८ म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ऐंशी किलो ओढ लागली की तो तुटेल. टिंबानंतरचा ८ सांगतो की त्यातल्या ऐंशी टक्के ओढीलाच तो कायमचा लांबायला लागेल. आठ मिलिमीटरचा ८.८ बोल्ट तोडायला जवळजवळ तीन टनांची ओढ लागते. जुन्या जपानी पद्धतीत टिंब नसतं, नुसता ४ किंवा ७ असतो. त्याला दहाने गुणलं की प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे किती किलो ते मिळतं. माझ्या बोल्टवर ४ होता. म्हणजे ताकद ८.८ च्या निम्मी. ब्रेकचं कॅलिपर, सस्पेन्शनचा आर्म, गिअरबॉक्स इंजिनला धरून ठेवणारे बोल्ट, यांच्या जातीचा हा नव्हे. इथे माझा जीव जरा भांड्यात पडला. आकडाच नसेल तर मात्र तो साधाच असणार असा निष्कर्ष काढू नये.

एवढं मोजण्यापेक्षा नजरेने जुळवून बघितलं तर? त्याचं उत्तर १० जून १९९० रोजी मिळालेलं आहे. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॅप्टनसमोरची काच सतरा हजार फुटांवर उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचला. ती काच आदल्या दिवशीच बदलली होती. नव्वद बोल्टपैकी चौऱ्याऐंशी बोल्टांचा व्यास हवा त्यापेक्षा ०.६६ मिलिमीटरने कमी होता आणि उरलेले सहा आखूड होते. बसवणाऱ्याने जुना बोल्ट हातात धरून, नजरेने जुळवून नवे घेतले होते. त्यातही काढलेल्या जुन्यांपैकी बरेच मुळातच चुकीच्या मापाचे होते. पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही, एवढा फरक रात्रपाळीच्या उजेडात कुणाच्याही डोळ्याला दिसला नसता.

माप हाती आलं तरी बोल्ट आपलं घर सांगत नाही. एका छोट्या गाडीतसुद्धा या मापाचे डझनावारी बोल्ट असतात. म्हणून आता बोल्ट बाजूला ठेवून भोक शोधायचं. त्यासाठी गॅरेजचं बिल काढावं. क्लच बदलताना गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायला बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, सेल्फ, गिअरच्या केबल, अर्थिंगची वायर, डावं माउंटिंग आणि चाकाकडचे अ‍ॅक्सल असं बरंच काही सोडवावं लागतं. माझ्या संशयितांची यादी एवढीच. मागच्या सीटचा पट्टा किंवा सायलेन्सर तपासण्याचं कारण नव्हतं.

काही जागी गाडी स्वतःच मदत करते. चाकं, ब्रेक, सस्पेन्शन डावीकडे जसं तसंच उजवीकडे असतं. उजवीकडचा फोटो काढून डावीकडे धरला की रिकामी जागा लगेच उठून दिसते. इंजिनच्या वरच्या भागाला अशी जोडी नाही. तिथे टॉर्च तिरका धरून प्रत्येक ब्रॅकेटचे पाय मोजायचे. रिकाम्या भोकाभोवती तेच चकचकीत कडं असतं, जे वायसरवर दिसलं होतं.

चाक, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सस्पेन्शनच्या जवळपासचा बोल्ट वाटला आणि भोक सापडलं नाही, तर गाडी जागची हलवू नये. मेस्त्रीला घरी बोलवावं किंवा टोइंग करावं. ‘हळूहळू नेतो’ हा पर्याय नाही, आणि त्याचं कारण बोल्ट काम कसं करतो त्यात आहे. घट्ट आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. आठ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला वीतभर पान्याच्या टोकाशी दहा किलोची ओढ दिली की तो दोन भाग साधारण दीड टनाने एकमेकांवर दाबतो. हा दाब आहे तोवर भाग सरकत नाहीत. चारपैकी एक गेला की उरलेल्यांवर भार वाढतो, भाग किंचित आडवे सरकू लागतात, आणि आडवं सरकणंच आट्यांना उलट फिरवतं. जर्मन इंजिनिअर गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. स्प्रिंग वायसर अशा हादऱ्यात फारसा कामाला येत नाही, हेही त्या प्रकारच्या चाचण्यांतूनच कळलं, पण आपल्याकडे त्याच्यावरची श्रद्धा अढळ आहे. पावसाळ्यानंतरचा नांदे-चांदे रस्ता घरोघरी हाच प्रयोग रोज फुकट करून देतो.

सेल्फचे दोन्ही बोल्ट जागेवर होते. माउंटिंगचे होते. अर्थिंगची वायर हाताने हलवून बघितली, पक्की. एअर फिल्टरचा डबाही ठीक. बॅटरीच्या ट्रेखालच्या ब्रॅकेटला तीन पाय, त्यातल्या दोनांत बोल्ट. तिसरा पाय रिकामा, भोवती ताजं कडं. बॅटरी हाताने हलवली तर सगळं कोपऱ्यातून डुललं.

भोक सापडल्यावर पाना उचलायचा नाही. बोल्ट बोटांनी धरून आधी उलटा फिरवायचा. आटे आट्यांत उतरताना एक बारीक ‘टक्’ जाणवतो. मग सुलटा. चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी गेले तर बोल्ट त्याच भोकाचा. अडला तर थांबायचं, कारण अ‍ॅल्युमिनियममध्ये वाकडा घुसवलेला बोल्ट आटे खाऊन टाकतो आणि पंधरा रुपयांच्या गोष्टीचं काम हजारांवर जातं. लांबीही इथेच पटते: बोल्ट पूर्ण बसून वायसर दबला पाहिजे. टोक आधीच टेकलं तर तो लांब आहे, मग तो कितीही घट्ट लागो, पकडत काहीच नाही. माझा सहज गेला. बाराच्या रिंग पान्याने आवळला, पण ४ आकड्याचा असल्याने ८.८ ला लावली असती त्याच्या निम्म्याच जोराने.

तरी मेस्त्रीला फोन केला, म्हटलं आणखी काही राहिलंय का ते त्याच्याच तोंडून ऐकावं.

“ट्रेचा ना तो? बारा पान्याचा, छोटा?” तो म्हणाला. “शनिवारी रात्री गाडी द्यायची घाई झाली, साहेब. बाकी सगळं मी स्वतः बघितलंय. उद्या येताना एकदा खालून परत चेक करून देतो.”

“येतो.”

“आणि साहेब, जरा चेंबर गार्डमध्ये हात घालून बघता का? माझी दहाची गोटी सापडत नाहीये.”