हातचा येईपर्यंत

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भागही जातो. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी असा भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हटलं, तर एकांच्या या वर्गांचं कूळ ‘डेमलो’ म्हणून ओळखलं जातं. त्या नावामागे आहे डोंबिवली स्थानक.

पण यात गणित किती आणि गंमत किती? इंग्लंडचे मोठे गणिती हार्डी यांनी १९४० साली अंकांच्या अशा करामती कोड्यांच्या सदरापुरत्या ठरवल्या. ८७१२ ही २१७८ ची चौपट, म्हणजे स्वतःच्याच उलट्या रूपाची. त्यात गणितज्ञाला रस वाटावा असं त्यांना काही दिसेना. आक्षेपात तथ्य आहे. नऊ एकांचा गुणाकार मांडला तर मधल्या रकान्यात नऊच एक येतात, हातचा येत नाही, म्हणून हा मनोरा उभा राहतो. दहा एक घ्या: मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असं मोडकं उत्तर मिळतं. आठाच्या पायावर मोजणाऱ्यांचा मनोरा सात एकांवरच थांबला असता. थोडक्यात, हे सौंदर्य लिहिण्याच्या पद्धतीचं.

मात्र तीच पद्धत आतलंही काही दाखवते. नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन गट: १११ गुणिले १००१००१. पहिल्याचे अवयव ३ आणि ३७, दुसऱ्याचे ३ आणि ३३३६६७. हे तिन्ही अवयव मूळ संख्या आहेत आणि कोणत्याही पद्धतीत लिहिले तरी मूळच राहतात. एकांची गिनती संयुक्त असली की असे गट पडतात. म्हणून निव्वळ एकांची संख्या मूळ असायची तर गिनती मूळच हवी. तेवढ्याने भागत नाही, १११ लाच ३ ने भाग जातो. दोन, एकोणीस आणि तेवीस एकांच्या संख्या मात्र मूळ निघतात.

दहाचा पाया हा शेवटी बोटांचा योगायोग, असं कुणी अजूनही म्हणेल. मग दोनाचा पाया घ्या. तिथे निव्वळ एकांनी लिहिलेल्या संख्या म्हणजे ३, ७, १५, ३१, ६३, १२७ अशा. त्यांतल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. युक्लिडने त्यांच्यापासूनच परिपूर्ण संख्या घडवल्या, आणि त्यांना कोड्यांच्या सदरात कुणी टाकलेलं नाही. प्रश्न तोच, फक्त पाया वेगळा. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, याचं उत्तर दोनाच्या पायावरही सिद्ध झालेलं नाही आणि दहाच्याही नाही.