रबर नवं, भरवसा जुन्या केसिंगचा

वसईतल्या एव्हरशाईन सिटीच्या सोसायट्या मागे पडल्या की वालीव-सातिवलीचे गाळे सुरू होतात आणि पुढे वसई फाट्याला राष्ट्रीय महामार्ग 48 लागतो. माल भरलेले दहाचाकी ट्रक इथून कुणी गुजरातकडे, कुणी घोडबंदरकडे निघतात. बहुतेकांच्या पुढच्या दोन चाकांना नवे टायर असतात. मागच्या जोड्यांत मात्र बरेचदा रिमोल्ड, म्हणजे रबर चढवलेले टायर सापडतात.

हिशोब सोपा आहे. नवा रेडियल 22 हजारांचा आणि रिमोल्डिंग 6 हजारांचं धरलं, तर मागच्या आठ टायरांमागे दर बदलीला सव्वा लाखाहून जास्त वाचतात. रिमोल्ड नव्याइतका पळाला नाही असं मानलं, तरी किलोमीटरमागचा खर्च निम्म्याच्या आसपास येतो. अट एकच: केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, धड हवा.

म्हणून रिमोल्डिंगच्या कारखान्यात पहिला आणि सगळ्यात कसोटीचा टप्पा तपासणीचा. टायर यंत्रावर फाकवून, दिव्याच्या उजेडात गोल फिरवतात. अनुभवी कारागीर आतून हात फिरवत जातो. खिळा, चीर, फुगवटा, सुटलेला थर बोटांना आधी कळतो. हवा कमी असताना पळालेल्या टायरच्या बाजूच्या भिंतीत आतून सुरकुत्या दिसतात; तिथल्या पोलादी तारा थकलेल्या असतात आणि पुन्हा हवा भरताना ती भिंत ओळीने फाटू शकते. असा टायर तिथेच बाद. मालक कितीही गळ घालो, इथे ‘नाही’ म्हणणाराच खरा कारागीर.

पास झालेल्या टायरचं उरलेलं जुनं रबर बफिंग यंत्र खरवडून काढतं. काळा भुसा उडतो आणि बारीक खरखरीत पृष्ठभाग उरतो. इथून पुढे घाई करावी लागते, कारण उघड्या पृष्ठभागावर धूळ आणि दमट हवा बसली की चिकटण कमकुवत होते. वसईच्या पावसाळ्यात तर चिरेतून उघडी पडलेली तार गंजायला वेळ लागत नाही. खड्डे भरून सोल्यूशन मारलं जातं, त्यावर कुशन गमचा, म्हणजे जोडणाऱ्या चिकट रबराचा, पातळ थर, वर नक्षी आधीच उमटवलेली रबराची पट्टी. रोलर फिरवून मधली हवा काढतात. मग टायरला रबरी एन्व्हलप घालून चेंबरमध्ये, साधारण शंभर-सव्वाशे अंश तापमानात, दाबाखाली काही तास शिजवतात. शेवटी हवा भरून पुन्हा तपासणी.

तरी महामार्गाच्या कडेला पडलेले रबराचे तुकडे पाहिले की लोक रिमोल्डलाच बोल लावतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागासाठी मिशिगन विद्यापीठाने असे तुकडे गोळा करून तपासले. 2008च्या त्या अहवालात नव्या आणि रिट्रेड, म्हणजे रबर चढवलेल्या, टायरांच्या तुकड्यांचं प्रमाण रस्त्यावरच्या त्यांच्या वापराइतकंच निघालं. दोष बहुतेकदा रस्त्यावरच्या अणकुचीदार वस्तू, कमी हवा आणि जादा भार यांचा होता. विमानांचे टायरही पुन्हा पुन्हा रिट्रेड होतात.

महाराष्ट्रात याचा सर्वांत मोठा जुना पुरावा एसटीचा. महामंडळाने आपल्या कार्यशाळांबरोबर टायर रिट्रेडिंगचे कारखानेही स्वतः चालवले; खेड्यापाड्यांतले लाखो प्रवासी त्या टायरांवर फिरले.

रिमोल्डिंगच्या धंद्याला खरा फटका बसला तो स्वस्त आयातीचा. रिमोल्डच्या आसपासच्या भावात नवा चिनी टायर मिळू लागला, तेव्हा अनेकांनी तोच घेतला. 2017 साली भारताने चिनी ट्रक-बस रेडियलवर अँटी-डंपिंग शुल्क लावलं. शिवाय अशा स्वस्त टायरचं केसिंग हलकं असेल, तर तो एकदा झिजला की रबर चढवण्याजोगा उरेलच असं नाही. स्वस्ताईचा हिशोब दुसऱ्या फेरीत कळतो.

नियमाने ट्रकच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. टायर गोटा होईपर्यंत दामटला तर आतल्या पोलादी पट्ट्यांना मार बसतो आणि केसिंग हातचं जातं. जाणते मालक तीन-चार मिलिमीटर नक्षी असतानाच टायर उतरवतात. त्यांचे चालक प्रत्येक फेरीआधी गेजने हवा मोजतात, आणि जोडीतला आतला टायर सोडत नाहीत. कारण आतला बसला, तर दोघांचा भार एकट्या बाहेरच्यावर येतो आणि पुढच्या रिमोल्डिंगच्या तपासणीत दोन्ही केसिंग बाद ठरू शकतात.