उपवासाचा बटाटा कुणी सांगितला? (लेखांक ७)

आषाढी जवळ आली की वारूळवाडी-नारायणगावात घरोघरच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. उपवासाच्या पदार्थांचे गुण ऋषीमुनींना हजारो वर्षांपूर्वीच दिव्यदृष्टीने दिसले होते, विज्ञानाला ते आत्ता कुठे कळताहेत, असा त्याचा सूर. मागच्या लेखात तुळशीबद्दलचा दावा तपासला, आज उपवासाचं ताट बघू.

साबुदाण्याची खिचडी, तीत बटाटा, दाण्याचं कूट, मिरची. सोबत उकडलेलं रताळं आणि राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा आणि ही बाकीची पिकं, सगळी मूळची अमेरिकेतली. कोलंबस तिकडे १४९२ मध्ये पोचला, वास्को द गामा कालिकतला १४९८ मध्ये. त्यानंतरच ही पिकं आपल्याकडे आली. ज्ञानेश्वरी १२९० मधली. त्या वेळी आळंदीत बटाटा नव्हता आणि मिरचीही नव्हती. आज आंबेगावच्या सातगाव पठारावर खरिपात बटाटाच बटाटा दिसतो, म्हणून तो आपल्याला कायमचाच वाटतो. उपवासाला धान्य वर्ज्य, कंदमुळं चालतात, ही चौकट मात्र जुनी. नवे कंद आले आणि तीत बसले. बसवले ते घरच्या बायकांनी, आणि त्यांचं हे श्रेय दिव्यदृष्टीला देणं मला अन्यायाचं वाटतं.

परंपरेत खरं ज्ञान नाही, असं अजिबात नाही. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी खातात. पौषातल्या थंडीत अंगाला स्निग्ध लागतं, हे पिढ्यान्‌पिढ्या खाऊन, अनुभवून कळलेलं आहे. अशा अनुभवाची किंमत केवढी, ते हळदीच्या खटल्यात दिसलं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तिथे मांडले होते जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय शोधनिबंध. हळद आपल्याकडे आधीपासून वापरात होती, हे कागदावर दाखवता आलं म्हणून आपण जिंकलो.

दिव्यदृष्टीवर विसंबण्यात धोकाही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात सप्ताहातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो भाविकांना विषबाधा झाली. पदार्थ उपवासाचा आहे म्हणून तो बाधणार नाही, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. दमट हवेत भगरीला बुरशी धरते आणि काही बुरशींचं विष शिजवूनही जात नाही. तेव्हा भगर पाकीटबंद, तारीख पाहून घ्या, कोरड्या डब्यात ठेवा, पीठ लागेल तेवढंच दळा. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांनी साबुदाण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं, कारण तो जवळजवळ सगळा पिष्टमयच असतो.

पुढच्या आठवड्यात चातुर्मासातलं वांगं आणि कांदेनवमी.