नशीब नव्हे, स्नायू! तिरळ्या डोळ्यांच्या १४ भन्नाट गोष्टी

कुणी म्हणतं, तिरळं पोर नशीबवान. कुणी म्हणतं, आईनं ग्रहण पाळलं नाही. तिरळ्या डोळ्यांची कारणं सांगणारे गावोगाव भेटतात, पण उपाय सांगणारे कमीच. खरं कारण या सगळ्यांपेक्षा रंजक आहे आणि उपायही हाताशी आहेत. बीड जिल्ह्यातल्या आई-बापांनी, आजी-आजोबांनी, अंगणवाडीताईंनी आणि गुरुजींनी वाचाव्यात अशा या १४ गोष्टी. तिरळेपणासह मोठे झालेल्यांसाठीही यात बरंच काही आहे.

१. डोळे दोन, स्नायू बारा
प्रत्येक डोळा फिरवायला ६ स्नायू असतात. त्यातला एक तर चक्क कप्पीतून ओवलेला असतो! बाराही जण मेंदूच्या हुकमानं एकाच वेळी हलले तरच दोन्ही बुबुळं एका ठिकाणी रोखली जातात. ताळमेळ चुकला की एक डोळा आत, बाहेर, वर किंवा खाली जातो.

२. प्रत्येक शाळेत कुणीतरी
जगभरात साधारण दर १०० मुलांमागे २ ते ४ जणांना तिरळेपणा असतो. म्हणजे पटावर २०० मुलं असलेल्या शाळेत अशी चार ते आठ मुलं सहज सापडतील. त्यांना टोपणनावानं हाक मारायची नसते, डॉक्टरांकडे न्यायचं असतं.

३. पहिले तीन महिने माफ
नवजात बाळाचे डोळे मधूनच इकडेतिकडे जातात. मेंदू अजून शिकत असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण चौथा महिना सरल्यावरही डोळा वाकडाच जात असेल, तर थांबू नका. आणि पाळण्यावरचं चिमणाळं बिनधास्त टांगा, त्यानं कुणी तिरळं होत नाही.

४. नाकाचा चकवा
काही बाळांचे डोळे तिरळे नसतात, नुसते दिसतात! नाकाचा दांडा बसका आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असली की पांढरा भाग झाकला जातो आणि बुबुळं आत वळल्यासारखी वाटतात. नाक वर आलं की हा भास जातो. पण भास आहे की खरा तिरळेपणा, हे ठरवायचं डोळ्यांच्या डॉक्टरांनीच.

५. मोबाइलचा फ्लॅश कामाला लावा
बाळ समोर बघत असताना फ्लॅश टाकून फोटो काढा. दोन्ही बुबुळांत उजेडाचा ठिपका एकाच जागी दिसला पाहिजे. १९व्या शतकातले जर्मन नेत्रतज्ज्ञ युलिउस हिर्शबर्ग मेणबत्तीच्या उजेडात हेच बघत. एका बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती डोळ्याच्या कर्करोगाचीही खूण असू शकते, आणि लवकर सापडला तर हा कर्करोग बरा होतो.

६. मेंदू एक चित्र पुसून टाकतो
दोन्ही डोळे म्हणजे एका जुवाला जुंपलेली बैलजोडी. एकानं दिशा सोडली की दोघांची मिळून ओढ राहत नाही. लहान मुलाचा मेंदू मग तिरळ्या डोळ्याचं चित्र बघणंच बंद करतो. डोळा धडधाकट, पण नजर मंद. यालाच आळशी डोळा म्हणतात. बालपणी डोळ्याकडून नीट चित्र आलं नाही, तर मेंदूच्या पेशी त्या डोळ्याला दाद देईनाशा होतात, हे ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर दाखवलं. १९८१च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

७. पट्टी मात्र चांगल्या डोळ्यावर
चांगला डोळा झाकायचा, म्हणजे आळशाला काम करावंच लागतं. फ्रान्सचे निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ मध्येच हा उपाय मांडला होता. दिवसभर पट्टी बांधायची, या विचारानं घरचे धास्तावतात. पण २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम प्रकारच्या आळशी डोळ्याला रोज २ तासांची पट्टी ६ तासांइतकीच उपयोगी ठरली. किती तास, किती महिने, हे डॉक्टर ठरवतात. जितकं वय लहान, तितका गुण लवकर. सात वर्षांपुढच्या मुलांनाही फायदा होतो, म्हणून आशा सोडायची नाही.

८. कधी कधी नुसता चष्मा पुरतो
प्लस नंबर मोठा असलेलं मूल स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यांवर जोर देतं, आणि त्या जोरानं बुबुळ आत वळतं. चष्मा लावला की डोळा सरळ, काढला की परत आत! अशा मुलाचा चष्मा कपाटात ठेवू नका. ‘चष्मा लावला तर पोरीचं लग्न कसं जमेल’ या काळजीपायी मुलीची नजर घालवू नका.

९. उन्हात एक डोळा मिटतो?
मराठवाड्याच्या उन्हात डोळे सगळेच बारीक करतात. पण मूल दर वेळी एकच डोळा मिटत असेल, तर तो डोळा अधूनमधून बाहेर सरकत असू शकतो. हा प्रकार दमल्यावर किंवा तंद्री लागल्यावर जास्त दिसतो. मान सतत एका खांद्याकडे कललेली असेल, तरीही डोळे तपासा. दुखणं मानेचं नसून डोळ्याच्या स्नायूचं निघू शकतं.

१०. डोळा बाहेर काढत नाहीत!
शस्त्रक्रियेची सगळ्यात मोठी भीती हीच, आणि ती खोटी आहे. डोळा जागेवरच राहतो. वरचा पातळ पडदा उघडून स्नायू थोडा मागे सरकवून शिवतात किंवा आखूड करतात. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमध्ये योहान डीफेनबाख यांनी ७ वर्षांच्या मुलावर तिरळेपणाची शस्त्रक्रिया यशस्वी केली. तेव्हा भूल द्यायची सोयही नव्हती. आज मुलं गाढ झोपेत असतात आणि बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते, हेही आधीच माहीत असावं. आणखी एक महत्त्वाचं: शस्त्रक्रियेनं डोळा सरळ होतो, मंद नजर सुधारत नाही. त्यासाठी पट्टी हवीच.

११. बोटॉक्सचा जन्म तिरळेपणातून
सुरकुत्या घालवणारं म्हणून गाजलेलं हे इंजेक्शन आधी डोळ्यांसाठी आलं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी १९७०च्या दशकात ते तिरळेपणावर वापरून पाहिलं. आखडलेला स्नायू काही महिने सैल पडतो आणि डोळा सरळ यायला मदत होते. १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी.

१२. वाघही तिरळे, मायाही
छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पांढरे वाघ बघितलेत ना? पुढच्या वेळी त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष द्या. काही पांढरे वाघ तिरळे असतात. रंगद्रव्य कमी असल्यानं डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे काही तंतू चुकीच्या बाजूला पोचतात. सयामी मांजरांचंही तेच. आणि मध्य अमेरिकेतल्या माया लोकांना आत वळलेले डोळे इतके सुंदर वाटत, की बाळाच्या कपाळावरून डोळ्यांमध्ये काहीतरी लोंबतं ठेवत, असं १६व्या शतकातले स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांदा यांनी लिहून ठेवलंय.

१३. ललिता पवारांचा डोळा
येवल्यात जन्मलेल्या या अभिनेत्रीला १९४२ मध्ये चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली आणि चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. डावा डोळा कायमचा बदलला. तो जन्माचा तिरळेपणा नव्हता, इजा होती. त्याच डोळ्यासह त्यांनी पुढची कित्येक दशकं पडदा गाजवला आणि ‘रामायण’ मालिकेतली मंथरा अजरामर केली.

१४. वय झालं? तरीही या
मोठ्या माणसाला अचानक एकाचे दोन दिसू लागले किंवा डोळा वाकडा झाला, तर लगेच दवाखाना गाठा. साखर वाढल्यानं, रक्तदाबानं, थायरॉइडनं, डोक्याला मार लागून किंवा मेंदूतल्या बिघाडानं असं होतं. मधुमेहामुळे आलेला तिरळेपणा पुष्कळदा काही महिन्यांत ओसरतो, पण कारण शोधावंच लागतं. लहानपणापासूनचा तिरळेपणा चाळिशी-पन्नाशीतही शस्त्रक्रियेनं सरळ करता येतो. अमेरिकेतल्या मज्जाशास्त्रज्ञ सुसान बॅरी तर बाळपणापासून तिरळ्या होत्या. डोळ्यांच्या व्यायामानंतर वयाच्या ४८व्या वर्षी त्यांना जगाची खोली पहिल्यांदा दिसली!

आता आपल्या बीडचं
अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक मुलांच्या तपासणीसाठी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं.

अडचण एकच: तपासणीच्या दिवशी मूल गावात हवं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता निघतो, मूल आई-बापांबरोबर फडावर जातं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत कोपीत राहतं. मधले सहा महिने डोळ्याच्या वाढीतले फार मोलाचे असतात. म्हणून टोळी निघण्याआधी डोळे दाखवा. पट्टी, चष्मा आणि डॉक्टरांचा कागद सामानात घ्या. कारखान्याजवळच्या कुठल्या दवाखान्यात पुढची तपासणी होईल, ते निघण्यापूर्वीच विचारून ठेवा, कारण डॉक्टरांच्या देखरेखीविना पट्टी लांबली तर चांगला डोळाही मंदावू शकतो. मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहणार असेल, तर पट्टीचे तास तिथल्या माणसाला नीट समजावून सांगा. गुरुजी, अंगणवाडीताई, आशाताई, तुमच्या नजरेला असं मूल पडलं तर टोळी हलण्याआधी त्याच्या घरी एक चक्कर माराच. पट्टीला दिवसाचे दोन तास पुरू शकतात, पण त्यांची सुरुवात वेळेत व्हायला हवी.