दुकानाची पारख अर्ध्या तासात

माल घेताना आपला व्यापारी सहसा फसत नाही. कापडाचा ताका चिमटीत धरला की त्याला पोत कळतो. आपला सुतार लाकडावर बोटाने टकटक करून आतली कीड सांगतो. पण हा माल ज्या छताखाली राहतो आणि ज्या पोटमाळ्यावर आपले कारागीर रात्री पाठ टेकतात, त्या इमारतीची पारख करायला मात्र आपल्याला सवड मिळत नाही. भिंतीला तडा गेला तर त्यावर नव्या वर्षाचे कॅलेंडर टांगून आपण मोकळे होतो.

गेल्या हिवाळ्यात मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी एका स्थापत्य अभियंत्याबरोबर बाजारपेठेतून फिरण्याचा योग आम्हाला आला. त्यांच्याजवळ एक छापील पत्रक, पेन्सिल आणि मोजपट्टी एवढेच सामान होते. ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहत, इमारत खालून वर न्याहाळत, मागच्या बोळात एक फेरी मारत आणि पत्रकावर खुणा करत. एका इमारतीला वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. पहिल्याच दुकानाचे मालक लगबगीने बाहेर आले. "काय साहेब, घरपट्टी वाढवायला आलात का?" भूकंपासाठी इमारती पाहतो आहोत असे सांगताच ते हसले. म्हणाले, "तो होऊन गेला की त्र्याण्णव साली!"

होऊन गेला हे खरे. पण त्याने जे शिकवले ते आपण किती शिकलो, हा प्रश्न उरतोच.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला तो धक्का बसला. तीव्रता सुमारे ६.२ होती. सहाच्या वरचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून अधिक होतात आणि त्यांतील बहुतेकांची बातमीही आपल्यापर्यंत येत नाही. किल्लारी परिसरात मात्र आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांना जमिनीने मारले नाही, घरांनी मारले.

ती घरे दगडमातीची होती. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, पण त्यांचा आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही. मध्ये भर म्हणून खडे आणि माती. वर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर मातीचे जाड थर. उन्हाळ्यात थंड राहणारे हे घर हादरा बसताच सुटे झाले. भिंतीचे पदर अलग होऊन कोसळले आणि झोपलेली माणसे दगडमातीखाली गाडली गेली. त्याच किल्लारीत दारे-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा, म्हणजे लिंटल बँड, दिलेली एक इमारत जवळजवळ जशीच्या तशी उभी राहिली. कानपूरच्या आयआयटीने काढलेल्या भूकंपविषयक माहितीपत्रकांत तिची नोंद आहे. गाव तेच, धक्का तोच. फरक फक्त चार भिंतींना एकत्र बांधणाऱ्या त्या पट्ट्याचा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या वेळच्या सरकारी नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो वरच्या, तिसऱ्या क्रमांकाच्या पट्ट्यात गेला. म्हणून "आमच्या बाजूला भूकंप होत नाही" या बोलण्यावर कोणी फार विसंबू नये.

पत्रकावर काय असते?

अभियंत्यांच्या हातातील पत्रकाची पद्धत मूळ अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झाली. शहरात हजारो इमारती असतात. प्रत्येकीचे नकाशे काढून सविस्तर गणित करायचे तर पैसा आणि वर्षे दोन्ही पुरणार नाहीत. म्हणून आधी रस्त्यावरून झटपट पाहणी करायची आणि संशयित इमारती वेगळ्या काढायच्या, अशी ही कल्पना. दवाखान्यात डॉक्टर आधी नाडी आणि ताप पाहतात, सगळ्यांनाच एक्स-रेला पाठवत नाहीत, तसेच हे. आपल्या देशातील बांधकामे वेगळी असल्याने इथल्या तज्ज्ञांनी इथल्यासाठी पत्रके तयार केली आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०२० साली या विषयावर प्राथमिक पुस्तिकाही काढली.

मूळ पद्धतीत इमारतीच्या प्रकारानुसार काही गुण आधी मिळतात. मग दोष दिसेल तसे गुण वजा होतात. आकार वेडावाकडा, वजा. तळमजला मोकळा, वजा. जमीन भुसभुशीत, वजा. शेवटी उरलेल्या आकड्याचा अर्थ हिशेबाच्या माणसाला चटकन कळेल असा आहे. मोठ्यात मोठा अपेक्षित हादरा बसला तर तीन गुणांची इमारत कोसळण्याची शक्यता हजारात एक, दोन गुणांची शंभरात एक आणि एक गुणाची दहात एक. साधारणपणे दोनच्या खाली आलेली इमारत सविस्तर तपासणीसाठी पाठवावी, असा रिवाज आहे. दहात एक बुडीत निघेल असा उधारीचा व्यवहार आपण करणार नाही. जिवाच्या बाबतीत मात्र डोळे झाकून करतो.

बाजारपेठेत काय दिसले?

पहिली इमारत धान्याच्या पेढीची, जुना वाडा. दगडी भिंतीला रस्त्याच्या बाजूने पोट सुटले होते आणि कोपऱ्यात दोन भिंतींच्या सांध्यात उभी फट पडली होती. अभियंत्यांनी आम्हाला त्या फटीत नाणे घालून दाखवले. ते म्हणाले, "जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा आपल्याकडचा जुना गैरसमज. कोपरे एकमेकांना धरून आहेत का, ते आधी पाहा." वर माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकण्याची पद्धत. कित्येक वर्षांची माती तिथे साठलेली. भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ती माती गळती थांबवते, पण धोकाही वाढवते.

दुसरी इमारत नवी, काँक्रीटची, तीन मजली. खाली ओळीने शटरची दुकाने, वर बिऱ्हाडे. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती भरपूर, म्हणून ते ताठ. खाली समोरून सगळे मोकळे, म्हणून तळमजला लवचिक आणि कमजोर. हादऱ्यात वरचा भाग एकसंध पेटीसारखा हलतो आणि सगळा ताण खालच्या कॉलमवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात हे दिसले. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील बऱ्याच इमारतींचा तळमजला वाहने लावण्यासाठी मोकळा सोडलेला होता. कोपऱ्याच्या दुकानाला तर दोन बाजूंनी शटर. धंद्याला चांगले, पण इमारत एका अंगाने भक्कम आणि दुसऱ्या अंगाने पोकळ राहते आणि हादऱ्यात पिळवटते.

तिसऱ्या ठिकाणी दोन इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि त्यांच्या स्लॅबची उंची जुळत नव्हती. हलताना एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमवर मधोमध हातोड्यासारखा आदळेल, हे सांगायला अभियंता लागत नाही. एकदा दाखवले की कोणालाही दिसते.

याखेरीज पत्रकावर नोंदवायच्या गोष्टी अशा: इमारतीचे वय, मजले, नंतर चढवलेला मजला, भिंतीत तिरपे किंवा फुलीसारखे तडे, काँक्रीट फुटून उघडी पडलेली गंजकी सळई, सततची ओल, कठड्यावरचे जड बांधकाम, गच्चीवरील पाण्याची टाकी आणि पुढे झुकलेले सज्जे.

आपल्याच हातचे दोष

यापुढचा भाग लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. त्या दिवशी पाहिलेले कित्येक दोष बांधणाऱ्याने ठेवलेले नव्हते. ते दुकानदाराने नंतर केले होते.

एका दुकानात मधला कॉलम शटरला आड येतो म्हणून एका बाजूने तासून बारीक केला होता. वरून टाइल्स लावल्याने तो दिसायलाही सुबक. दोन गाळे एक करण्यासाठी मधली भिंत काढलेली. शेजारच्या कारखान्यात लोखंडी अँगलवर पोटमाळा घातलेला, त्यावर मालाची पोती आणि त्या पोत्यांच्या कडेला सहा मुलांची अंथरुणे. उतरायला एकच शिडी, तीही शिलाई यंत्रांच्या मागे. ही मुले दूरच्या गावांहून आपल्या भरवशावर आलेली आहेत. त्यांच्या आईबापांनी त्यांना आपल्या हवाली केले आहे.

अशा फेरबदलांना भूकंपाचीही गरज लागत नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला एक चार मजली इमारत बसली आणि १७ जण मरण पावले. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या आधारालाच हात लावल्याचा आरोप झाला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्या देशात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. तिथेही कोसळलेल्या काही इमारतींत खालच्या दुकानांसाठी कॉलम काढल्याचे आरोप झाले. दोन-चार फूट जागा वाढावी म्हणून वरच्या बिऱ्हाडांचा जीव गहाण ठेवणे हा व्यापार नव्हे.

दुकान जाईल ही भीती

पत्रक पाहून बऱ्याच जणांनी आम्हाला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. तपासणीत इमारत धोकादायक निघाली तर मालक आम्हाला बाहेर काढील, मग रोजी कुठे शोधायची? ही भीती खोटी नाही. पागडीच्या आणि जुन्या भाड्याच्या गाळ्यांत आपले बरेच लोक आहेत आणि धोकादायक इमारतीचा शेरा हत्यारासारखा वापरल्याच्या तक्रारी सगळीकडे ऐकू येतात.

म्हणून दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक, झटपट पाहणीचे पत्रक हा धोकादायक असल्याचा दाखला नव्हे. कोणालाही घराबाहेर काढण्याचा आधार तो होऊ शकत नाही. पुढे तपासावे की नाही एवढेच तो सांगतो. दोन, इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. तरीही गाळ्याची मापे, भाडेपावत्या, वीजबिले आणि फोटो आजच नीट जपून ठेवावेत. प्रसंग आलाच तर चांगल्या वकिलाला विचारूनच सही करावी. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे. तेव्हा ती टाळण्यापेक्षा मालक आणि भाडेकरूंनी मिळून, दोघांना मान्य असलेल्या अभियंत्याकडून करून घ्यावी.

काय करावे?

झटपट पाहणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. कॉलमच्या आत रिंगा किती अंतरावर आहेत, त्यांची टोके आत वळवली आहेत की नाही, पाया किती खोल आहे, हे रस्त्यावरून दिसत नाही. चांगले गुण मिळाले म्हणजे इमारत अभेद्य झाली असे नाही, आणि कमी मिळाले म्हणजे उद्या पडणार असेही नाही. कोणती इमारत आधी तपासायची, हा क्रम मात्र त्यातून लागतो.

बरीच कामे कमी खर्चाची आहेत. माळवदावरची जादा माती उतरवून छताला नीट गळतीबंदी करावी. जड माल खाली आणि हलका वर ठेवावा, उंच रॅक भिंतीला पक्के आवळावेत. पोटमाळ्यावर कोणाला झोपू देऊ नये. ते अगदीच अशक्य असेल तर निदान माल तिथून काढावा आणि उतरायला दुसरी वाट करावी. विटांच्या आणि दगडी भिंतींना दारे-खिडक्यांच्या वर, आत-बाहेर दोन्ही बाजूंनी, लोखंडी जाळी आणि सिमेंटचा सलग पट्टा देता येतो. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरून दोन्ही पदर सांधता येतात. किल्लारीनंतर घरे मजबूत करताना असे उपाय वापरले गेले. मोकळ्या तळमजल्याची किंवा तासलेल्या कॉलमची दुरुस्ती मात्र अभियंत्याच्या आराखड्याशिवाय कोणत्याही गवंड्याच्या हाती देऊ नये.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक गावच्या बाजारपेठेतील व्यापारी मंडळाने वर्गणी काढून एखाद्या अनुभवी अभियंत्याला दोन दिवस बोलवावे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुले त्यांच्या हाताखाली पत्रके भरू शकतील. सगळी पेठ पाहून होईल. त्याच फेरीत मदरसा, मशीद, शाळा आणि वसतिगृहही पाहून घ्यावे, कारण तिथे एकाच वेळी शेकडो माणसे जमतात.

संध्याकाळी परतताना तासलेल्या कॉलमच्या दुकानाचे मालक, साठी ओलांडलेले हाजीसाहेब, आम्हाला चहाला घेऊन गेले. बराच वेळ ते त्या टाइल्सकडे पाहत होते. मग त्यांनी अभियंत्यांना विचारले, "हा पुन्हा भरता येईल का? खर्च किती?" अभियंत्यांनी सांगितले की आधी वरचा भार टेकू देऊन धरावा लागेल, मग काम, आणि पंधरा दिवस दुकान बंद. हाजीसाहेबांनी नोकराला हाक मारली आणि त्याच वेळी टाइल्स काढायला सांगितल्या. सहा महिन्यांनी ते काम पुरे झाल्याचे कळले. शटर आता पूर्वीइतके रुंद उघडत नाही. गिऱ्हाईक मात्र कमी झालेले नाही.