अंदाजपत्रककाराचा बायोडाटा

बांधकामाच्या व्यवसायात अंदाजपत्रककाराचे काम मोठे जोखमीचे असते. पाया खोदण्यापूर्वीच इमारतीला खर्च किती येईल, हे त्याला नुसत्या नकाशांवरून सांगावे लागते. आकडा कमी धरला गेला, तर काम मिळते, पण कंत्राटदार तोट्यात जातो. अधिक धरला गेला, तर निविदाच हातची जाते. साहजिकच अशा पदासाठी आलेला अर्ज वाचताना निवड करणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: या माणसाच्या आकड्यांवर विसंबता येईल काय?

पुष्कळशा बायोडाट्यांत नेमके याचेच उत्तर नसते. ‘मेहनती’, ‘कार्यतत्पर’ अशी विशेषणे असतात आणि त्यांखाली ‘अंदाजपत्रके तयार करण्याचा ५ वर्षांचा अनुभव’ एवढी एक ओळ. अंदाजपत्रकात ‘भरपूर विटा’ असे लिहिलेले कोणीही चालवून घेणार नाही. मग ज्याचा व्यवसायच प्रत्येक बाबीला परिमाण, एकक आणि दर लावण्याचा, त्याने स्वतःविषयी तरी मोघम का लिहावे?

समजा, एखाद्या अभियंत्याने ७ मजली निवासी इमारतीचे अंदाजपत्रक केले आहे. त्याने इमारतीचे बांधीव क्षेत्र चौरस मीटरमध्ये द्यावे. काँक्रीट, सळई, वीटकाम व गिलावा यांपैकी कशाची परिमाणे स्वतः काढली, दरविश्लेषण कोणत्या बाबींचे केले, आणि कोणते काम वरिष्ठांच्या देखरेखीखाली झाले, हे वेगळे सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत नोंदवावी. ‘प्रत्यक्ष खर्च ४ टक्के अधिक, पायाच्या खोदाईत कठीण खडक लागला’ ही नोंद उणेपणाची नव्हे. अंदाज कोठे आणि का चुकला हे ज्याला कळते, त्याचा पुढचा अंदाज अधिक भरवशाचा असतो.

कामाचा आधारही स्पष्ट असावा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची दिल्ली दरसूची वेगळी, महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची वेगळी. कोणती वापरली, ते लिहावे. महाराष्ट्राबाहेर अर्ज करणाऱ्या मराठी उमेदवाराने एककांचेही भान ठेवावे. खडी-वाळूचा ‘ब्रास’, म्हणजे १०० घनफूट, आपल्याकडे सर्रास चालतो. परप्रांतात तो सर्वांनाच कळेल असे नाही. तेथे सुमारे २.८३ घनमीटर असे लिहिणे श्रेयस्कर.

मात्र जे येत नाही, त्याचे नाव घेऊ नये. बांधकामाच्या मोजमापाच्या पद्धती भारतीय मानक १२०० मध्ये दिल्या आहेत. गिलावा मोजताना ०.५ चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करीत नाहीत, हा त्यातलाच एक साधा नियम. बायोडाट्यात मानकाचा उल्लेख आहे आणि मुलाखतीत हा नियम सांगता येत नाही, असे झाले की बाकीच्या खऱ्या ओळीही संशयास्पद ठरतात. एक्सेल किंवा ऑटोकॅड यांविषयीही हेच म्हणता येईल. नुसती नावे देण्यापेक्षा त्यांवर काय केले, ते सांगावे.

नुकतीच पदविका घेतलेल्या तरुणाने अनुभव नाही म्हणून खचू नये. एखाद्या लहान घराचा नकाशा घेऊन त्याने परिमाणे काढावी, प्रसिद्ध दरसूचीतील दर लावावे आणि ते अंदाजपत्रक ‘सरावासाठी केलेले’ असे स्पष्ट लिहून अर्जाला जोडावे. अनुभवी उमेदवाराने मात्र जुन्या मालकाचे निविदेतील दर उघड करू नयेत. जो एकाचे गुपित सांगतो, तो उद्या आपलेही सांगेल, हे नवा मालक ओळखून असतो.

शेवटी बेरजा, एकके आणि तारखा पुन्हा तपासाव्यात. दोन पानांच्या बायोडाट्यात तारखांचा मेळ बसत नसेल, तर लक्षावधी रुपयांच्या अंदाजपत्रकावर त्या उमेदवाराची सही कोण मागेल?