सरकारी धानाचा हिशेब कोणी द्यायचा?

दिवाळी उलटते, हलक्या धानाची मळणी आटोपते आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील आधारभूत खरेदी केंद्रांवर धानाच्या पोत्यांचे ढीग दिसू लागतात. पुढे तीच पोती ट्रकांत लादून राईस मिलच्या आवारात नेली जातात व तेथे थप्प्या लावून ठेवली जातात. आवाराचे कुंपण गिरणीमालकाचे, फाटकाचे कुलूप त्याचे, रखवालदारही त्याचाच. आत रचलेला माल मात्र त्याचा नसतो. त्याची किंमत शेतकऱ्याला देण्याचे दायित्व शासनाने पत्करलेले असते, आणि त्यापासून निघणारा तांदूळ रास्त भावाच्या दुकानातून शिधापत्रिकाधारकाच्या पिशवीत पडावयाचा असतो. या दोन टोकांच्या मधल्या काळात हा माल एका खाजगी व्यावसायिकाच्या ताब्यात असतो, आणि तो किती आहे, कोठे आहे व कोणत्या स्थितीत आहे हे शासनाला बव्हंशी त्या व्यावसायिकाकडूनच कळते.

शासनाची मालमत्ता कंत्राटदाराच्या हाती असणे ही काही अपवादात्मक बाब नव्हे. बांधकाम खात्याने ठेकेदाराला पुरविलेले सिमेंट व लोखंड, वाहतूकदाराच्या ट्रकमधील शिध्याचे धान्य, संरक्षण सामग्री बनविणाऱ्या कारखान्याला दिलेली यंत्रे व सुटे भाग, ही सर्व त्याचीच उदाहरणे होत. शासन सर्व कामे स्वतः करू शकत नाही, आणि ती करावीत असा आग्रहही कोणी धरणार नाही. पण काम दुसऱ्यावर सोपविले म्हणून मालकी सुटत नाही, आणि मालकी सुटत नसेल तर हिशेब मागण्याचे कर्तव्यही सुटत नाही. आपल्याकडे नेमका याच गोष्टीचा विसर पडतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, एकाने दुसऱ्याच्या ताब्यात विश्वासाने सोपविलेल्या वस्तूंविषयी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सर्वसाधारण सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे, असे त्याचे १५१ वे कलम सांगते. मालकाच्या संमतीवाचून त्याचा माल आपल्या मालात अशा रीतीने मिसळला की तो वेगळा करता येत नाही, तर होणारी हानी भरून देण्याची जबाबदारी १५७ व्या कलमाने मिसळणाऱ्यावर टाकली आहे. मुदत संपताच, मागणीची वाट न पाहता, वस्तू परत केली पाहिजे, हे १६० व्या कलमाने स्पष्ट केले आहे. विश्वासघात झाला तर फौजदारी कायदाही आहेच. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. म्हणजे तत्त्व दीडशे वर्षांचे जुने आहे. उणीव तत्त्वाची नाही, ते अमलात आणणाऱ्या नोंदवहीची आहे.

ही नोंदवही कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. शासनाच्या वतीने महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ धान खरेदी करतात. गिरणीमालकाशी करार होतो, त्याच्याकडून अनामत वा बँक हमी घेतली जाते, आणि धान उचलण्याचा आदेश निघतो. शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो साधा तांदूळ त्याने जमा करावा, असे प्रमाण ठरलेले आहे. याचा अर्थ असा की हिशेब धानाचा ठेवला जात नाही. तो उताऱ्याचा ठेवला जातो. एक हजार क्विंटल धान उचलले, सहाशे सत्तर क्विंटल तांदूळ आला, की खाते बंद. मधल्या काळात ते धान खरोखर त्या आवारात होते काय, भरडले गेले ते तेच धान काय, आणि जमा झालेला तांदूळ त्याच धानाचा काय, हे प्रश्न खात्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत.

आणि हे प्रश्न काल्पनिक नाहीत. धान हे धानासारखेच दिसते. गिरणीमालक बाजारातून स्वतःसाठीही धान घेतो, आणि शासनाची थप्पी व त्याची स्वतःची थप्पी यांत रंगाचा वा वासाचा फरक नसतो. म्हणून शासनाचे चांगले धान भरडून तांदूळ खुल्या बाजारात विकायचा आणि सरकारी गोदामात दुसराच, जुना वा हलका तांदूळ जमा करायचा, हा मोह व्यवस्थेतच दडलेला आहे. गोंदियाला लागूनच असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट आणि मंडला या जिल्ह्यांत २०२० साली केंद्राच्या पथकाने गोदामांतून व रास्त भावाच्या दुकानातून तांदळाचे नमुने घेतले. ते माणसाच्या खाण्यास अयोग्य, जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्याच्या प्रतीचे ठरले. टाळेबंदीच्या त्या वर्षी ज्या कुटुंबांना शिध्याच्या तांदळावाचून दुसरा आधार नव्हता, त्यांच्या ताटात हा तांदूळ पडावयाचा होता. साठ्याच्या हिशेबातील ढिलाईचे मोल शेवटी कोण देतो, हे यावरून कळावे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग प्रलोभनाचा आहे. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. त्या दराने एक हजार क्विंटल धान म्हणजे २३ लाख ६९ हजार रुपयांचे भांडवल. ते चार महिने जवळ राहिले आणि वर्षाला बारा टक्के व्याज धरले, तर त्या व्याजाची रक्कमच सुमारे ९५ हजार रुपये होते. याच्या उलट केंद्राने साध्या तांदळासाठी दिलेला भरडाईचा दर दीर्घकाळ क्विंटलमागे अवघा दहा रुपये राहिला; त्या हिशेबाने एक हजार क्विंटलची भरडाई दहा हजार रुपये. राज्ये आपल्या तिजोरीतून त्यात भर घालतात हे खरे. तथापि माल वेळेवर परत करण्यापेक्षा तो हाताशी ठेवण्यात जेथे अधिक लाभ असतो, तेथे प्रामाणिकपणा केवळ शपथपत्रावर टिकत नाही.

दहा रुपयांत भरडाई परवडते तरी कशी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शंभरातून सदुसष्ट वजा जाता उरलेल्या तेहतीस किलोंत आहे. त्यात काही घट असते, पण तूस, कोंडा आणि बारीक कणीही असते. कोंड्यापासून तेल निघते, तूस बॉयलरला व वीटभट्ट्यांना लागते, कणीला गिऱ्हाईक असते. हा सारा माल शासनाच्या धानातून निघालेला, पण तो गिरणीमालकाकडे राहतो. जणू तो त्याच्या मजुरीचाच भाग. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केंद्रीय साठ्यासाठीच्या धान खरेदीवरील २०१५ च्या अहवालात नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. आंध्र प्रदेश, तेलंगण, छत्तीसगड आणि उत्तर प्रदेश या राज्यांत उपपदार्थ गिरणीमालकांकडे राहू दिल्याने त्यांना सुमारे ३,७४३ कोटी रुपयांचा लाभ झाला, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. तूस-कोंड्याचा भाव वाढत गेला, दर मात्र जुन्या हिशेबावरच राहिला. मालकाला आपल्या मालातून काय निघाले तेच ठाऊक नसेल, तर तो मजुरीचा सौदा तरी कोणत्या आधारावर करणार?

हा दोष केवळ आपल्या दारिद्र्याचा वा आपल्या नोकरशाहीचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेचे संरक्षण खाते हे जगातील सर्वांत धनाढ्य गिऱ्हाईक. तेथे कंत्राटदाराच्या ताब्यातील सरकारी मालमत्तेविषयी तपशीलवार नियम आहेत: माल आल्याची पावती, नगवार नोंद, ठरावीक मोजणी, उपकंत्राटदारावरील देखरेख, हानीचा अहवाल आणि शेवटी खाते मिटविणे. २००७ साली या नियमांची फेररचना झाली आणि कंत्राटदाराने स्वतःची पद्धत चालवावी, सरकारी अधिकाऱ्याने ती पद्धत तपासावी, ही दिशा दृढ झाली. तरीही तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०२३ च्या अहवालात म्हटले की, कंत्राटदारांकडील अशा मालमत्तेचा खात्याचा अंदाज २२० अब्ज डॉलरहून अधिक असून तोही बहुधा पुष्कळच कमी आहे. आणि ही त्रुटी लेखापरीक्षक १९८१ पासून दाखवीत आले आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात एफ-३५ या लढाऊ विमानाच्या सुट्या भागांविषयी दुसरा अहवाल आला. २०१८ पासून दहा लाखांहून अधिक भाग, साडेआठ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे, हरवले होते. त्यांपैकी खात्याने चौकशी केली होती ती दोन टक्क्यांहूनही कमी हानीची. हे भाग पन्नासाहून अधिक ठिकाणी कंत्राटदारांच्या हाती होते, आणि ते 'शासनाने पुरविलेली मालमत्ता' या सदरात धरावयाचे की नाही, यावर खात्यातच एकमत नव्हते.

या उदाहरणातून घेण्याजोगा धडा एवढाच की, नियमांची जाडी आणि संगणकाची शक्ती ही मोजणीची जागा घेऊ शकत नाहीत. ज्याच्या हाती माल आहे तोच हिशेबनीस, आणि मालक केवळ त्याच्या कागदाचा वाचक, अशी विभागणी झाली की गोंदियातील धान आणि विमानाचे सुटे भाग यांची गत सारखीच होते.

गिरणीमालकांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. भरडाईची व वाहतुकीची देयके महिनोन्‌महिने थकतात. तांदूळ तयार असूनही गोदामात जागा नसल्यामुळे तो घेतला जात नाही. उन्हाळी धान भरडताना तुकडा अधिक पडतो, आणि तरीही उताऱ्याचे प्रमाण तेच लावले जाते, ही तक्रार तर जुनी आहे. खरेदी केंद्रावर उघड्यावर पडून पावसात भिजलेले धान पदरात घातले आणि पुढे प्रत खालावली, तर दोष कोणाचा? ज्या व्यवस्थेत शासन आपले वचन वेळेवर पाळत नाही, तेथे कंत्राटदाराकडून काटेकोरपणाची अपेक्षा करण्याचा त्याचा नैतिक अधिकार दुबळा होतो. किंबहुना बेहिशेबी उपपदार्थ आणि हाती राहिलेला माल यांकडे होणारा कानाडोळा ही थकलेल्या देयकांची अलिखित भरपाईच होय, असे म्हणावे लागेल. या देवघेवीत दोन्ही पक्ष गप्प बसतात, आणि तिसरा पक्ष, म्हणजे धान पिकविणारा आणि तांदूळ खाणारा, त्यात कोठेच नसतो.

यावर उपाय अवघड नाहीत. शासनाचे धान गिरणीच्या आवारात वेगळ्या जागी, खूण केलेल्या थप्प्यांत राहावे आणि प्रत्येक थप्पीची स्वतंत्र नोंद असावी. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे सरकारी कार्यालयातील टेबल-खुर्च्यांची वर्षातून एकदा प्रत्यक्ष पडताळणी होते. मग लक्षावधी रुपयांच्या धानाची हंगामात दोन-तीनदा, पूर्वसूचनेवाचून पडताळणी का होऊ नये? ती करणारा अधिकारी धान देणाऱ्या वा तांदूळ घेणाऱ्या कार्यालयातील नसावा, हे पथ्य मात्र हवे. भरडले म्हणून सांगितलेले धान आणि गिरणीने वापरलेली वीज यांचा मेळ घालणे हीदेखील स्वस्त व परिणामकारक कसोटी आहे. यंत्र चालले नसेल तर तांदूळ कोठून आला, एवढेच विचारावयाचे. मुदतीनंतर हाती राहिलेल्या मालावर बाजाराच्या दराने व्याज आकारावे, आणि त्याच न्यायाने शासनाने थकविलेल्या देयकांवर गिरणीमालकाला व्याज द्यावे. उपपदार्थांची किंमत दर हंगामात उघडपणे ठरवून ती निविदेत धरावी, म्हणजे भरडाईचा खरा दर सर्वांसमोर येईल. आणि कोणत्या गिरणीकडे किती शासकीय धान शिल्लक आहे, याची यादी तालुक्याच्या ठिकाणी दर महिन्याला लावावी. आपल्या गावच्या धानाचे काय झाले हे जाणण्याचा अधिकार शेतकऱ्याला नसेल, तर कोणाला आहे?

रास्त भावाच्या दुकानात आज काय घडते ते प्रत्येकाने पाहिले आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आणि ते घेण्यासाठी त्याला यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हातारीचा ठसा उमटला नाही तर ती ताटकळत उभी राहते. पाच किलोंसाठी देहाची साक्ष मागणारे शासन हजार क्विंटलांसाठी सदुसष्ट टक्क्यांच्या त्रैराशिकावर समाधान मानते. हिशेबाचा हा काटेकोरपणा ज्या दिवशी दुकानाच्या दारातून गिरणीच्या फाटकापर्यंत पोहोचेल, त्या दिवशीच आपण सार्वजनिक मालमत्ता हा शब्द अर्थासह वापरू लागलो, असे म्हणता येईल.